दाजींची डिस्क

कॉफी घ्या आधी. गरम आहे तोवर सांगून टाकतो, कारण ही गोष्ट सांगताना मला राग येतो, आणि राग आला की माझी कॉफी निवते. माझ्या हातून एक घोटाळा झाला. झाला म्हणजे असा झाला, की म्हैसुरातल्या आमच्या सगळ्या नातेवाइकांत त्याचा डंका पिटला गेला. पण चूक माझ्या एकट्याची नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो. शेवटी तुम्हीच ठरवा. आत्ता आमची सुमित्रा स्वयंपाकघरातून हसते आहे, तिच्याकडे लक्ष देऊ नका. बायको आहे, हसायचीच.

तर आमच्या लग्नाची एक व्हिडिओ कॅसेट होती. जुनी, काळी, पावाएवढी जाड. ट्रंकेत पैठणीखाली पडून होती. ती चालवायचं यंत्र कधीच भंगारात गेलं, त्यामुळे कॅसेट कुणी बघत नव्हतं. आम्हाला आमचं लग्न पुन्हा बघायची हौसही नव्हती. पण त्या कॅसेटमध्ये दाजी होते.

दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान. म्हैसूरजवळच्या वरुणा गावात ऊस, भात आणि म्हशी, आणि तोंडाने महावात्रट. कुणाची टिंगल केली नाही तर त्यांना जेवण पचत नसे. ते गेले त्याला वर्ष होऊन गेलं. अक्काकडे त्यांचे फोटो भरपूर, पण आवाज कुठेच नाही. आणि अक्काच्या मनात एक जुनं कुसळ होतं. माझ्या लग्नाच्या पंगतीत दाजी उभे राहून काहीतरी बोलले, सगळा मांडव हसला, आणि अक्का बिचारी तेव्हा आत कोठीत होळग्या, म्हणजे पुरणपोळ्या, मोजत होती. तिने बाहेर येऊन विचारलं, "काय झालं हो?" तर दाजी म्हणाले, "तुझ्या भावाला विचार."

भावाला, म्हणजे मला. आता मला सांगा, स्वतःच्या लग्नात कुणी काय बोललं हे नवऱ्या मुलाला आठवतं का? मला त्या दिवसाचं जेवणसुद्धा आठवत नाही. दाजींनी जन्मभर सांगितलं नाही आणि मला आठवलं नाही. अक्का विचारत राहिली आणि दाजी हसत राहिले.

ह्या नवरात्राच्या आधी मी तिच्याकडे गेलो होतो. ती म्हणाली, "गुंडू, त्या कॅसेटीत हे बोलतात अल्वा, बोलतात ना रे? एकदा मला ऐकव की. त्या दिवशी काय म्हणाले तेवढं कळलं तर बरं होईल."

सत्तरी उलटलेली बाई. कधी माझ्याकडे काही मागितलं नाही. मी छाती पुढे काढून म्हणालो, "विजयादशमीला आणून देतो अक्का. तुझ्या टीव्हीवर बघ."

मुलगी बेंगळुरूला असते. तिला फोनवर सांगितलं तर म्हणते, "अप्पा, कुठल्या तरी स्टुडिओत कॅसेटची फाइल करून घ्या आणि आत्याला फोनवर पाठवा. डिस्क बिस्क कोण करतं आता?" कोण करतं म्हणजे? अक्काकडे बटणांचा फोन. दुसऱ्याचा मोठा फोन तिच्या हातात दिला तर म्हणते, "एवढ्याशा काचेत मला ह्यांचं नाकसुद्धा दिसायचं नाही." पण तिच्याकडे पेटीसारखा जुना टीव्ही आहे, आणि त्याच्याखाली दाजींनी हौसेने घेतलेला डीव्हीडी प्लेयर. त्याच्यावर अक्काने स्वतः विणलेला रुमाल. तो प्लेयर असताना मी फोन कशाला वापरू?

आणि दुसरी गोष्ट. नजरबादच्या सरकारी कचेरीत मी जन्म काढला. तिथे कंप्युटर आले तेव्हा साहेबापासून शिपायापर्यंत सगळे माऊसला हात लावायला घाबरत होते. डिस्क लिहायची असली की सगळ्या इमारतीत एकच हाक, "गुंडोजीरावना बोलवा." घरीही माझा डिस्क लिहिणारा कंप्युटर अजून शाबूत आहे. लोक त्याला डबा म्हणतात. म्हणोत.

स्टुडिओवाल्याने कॅसेटची फाइल करून दिली. मग कोऱ्या डिस्का शोधायला निघालो. एका दुकानात तर काउंटरवरचा माणूस माझ्याकडे असा बघायला लागला, की जणू मी दौत मागितली. "ईग यारू तगोळ्ळल्ल सार," म्हणे, आता कुणी घेत नाही, पेनड्राइव्ह घ्या. मी म्हणालो, मी घेतो ना, मी कुणीच नाही का? शेवटी गोकुलमच्या बाजूला एका दुकानदाराने खोक्यांच्या मागून धूळ खात पडलेली एक चळत काढून दिली. धूळ त्याने शर्टाच्या बाहीने पुसली. हे लक्षात ठेवा, पुढे ह्या दुकानदारावर मी फार अन्याय केला.

आता तुमच्यापैकी ज्यांनी कधी घरी डिस्क लिहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. डिस्क दोन तऱ्हेने लिहिता येते. डेटा डिस्क म्हणजे गोणी. फाइली कोंबायच्या आणि तोंड बांधायचं. ती कंप्युटरला समजते, टीव्हीखालच्या प्लेयरला समजेलच असं नाही. व्हिडिओ डिस्क म्हणजे वाढलेलं ताट, सगळं जागच्या जागी. आणि लिहून झाल्यावर ती नीट बंद करावी लागते, नाहीतर तुमच्या कंप्युटरशिवाय कुठेच चालत नाही. लोक इथेच माती खातात. मी नाही खाल्ली. नीट ऐकून ठेवा, इथे मी माती खाल्ली नाही.

व्हिडिओ डिस्कच केली. मेनू केला, मेनूवर आमच्या दोघांचा फोटो टाकला. सगळ्यात हळू वेगाने लिहिली, म्हणजे बिघडायला नको. सुमित्रा म्हणाली, "अहो, एवढ्या वेळात दुसरं लग्न लागलं असतं." एक अक्कासाठी, एक चुलतभाऊ विठोजीसाठी, लग्नाला आलेल्या बाकीच्या सगळ्या नातेवाइकांसाठी एकेक, आणि एक घरी ठेवायला. प्रत्येक डिस्क लावून पाहिली. सुरुवातीचा नादस्वरम, मध्ये एक उडी, शेवटची वरात. सगळं बघत बसायला वेळ कुणाला होता? चालते एवढं कळलं, बस. मग प्रत्येकीच्या पाठीवर मार्करने ज्याचं त्याचं नाव घातलं. माझं अक्षर चांगलं आहे, ते कचेरीतही म्हणायचे.

नंतर आली आयुधपूजा. आमच्या घरी हा दिवस म्हणजे साधासुधा नाही. आमचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत घोडेस्वार. घरात त्यांची एक तलवार आहे, ती आता म्यानातून निघत नाही, पण तिचा मान पहिला. मग माझी स्कूटर, सुमित्राचं शिलाई मशीन, मिक्सर, विळी, स्क्रूड्रायव्हर, कंप्युटर, सगळी आयुधं. सगळ्यांना विभूतीचे तीन पट्टे, गंध, कुंकू, वर शेवंतीचं फूल. माझी स्वतःची प्रत कंप्युटरच्या पोटातच होती, ती तिथेच राहिली. बाकीच्या डिस्का मी पाटावर ओळीने मांडल्या. तेही माझ्या हातचं कामच ना? त्यांचीही साग्रसंगीत पूजा केली. आरती झाली, रस्त्यावर कोहळा फोडला. आणि पूजेला बसलेल्या वस्तूला त्या दिवशी कामाला लावायचं नाही, हा आमचा रिवाज. म्हणून पुन्हा लावून पाहायचा प्रश्नच नव्हता. फुलं काढली आणि एकेक डिस्क अलगद कागदी पाकिटात घातली.

दुसऱ्या दिवशी विजयादशमी. मिरवणुकीचे रस्ते बंद व्हायच्या आत सकाळीच स्कूटरवरून वरुणा गाठलं. अक्काला बन्नीचं, म्हणजे शमीचं, पान दिलं, पाया पडलो, डिस्क हातात ठेवली. तिने ती डोळ्यांना लावली. "संध्याकाळी दिवा लावून बघीन," म्हणाली. मी थांबलो असतो तर पुढचं काहीच झालं नसतं. पण मला परतायचं होतं, बाकीच्यांच्या घरी पान आणि डिस्क द्यायची होती. संध्याकाळपर्यंत सगळी वाटून झाली. घरी येऊन मी खुर्चीत टेकलो आणि कौतुकाच्या फोनची वाट बघत बसलो.

पहिला फोन विठोजीचा. हा माझा चुलतभाऊ, नजरबादलाच राहतो.

"गुंडोजी, काय मंगल दिसते रे डिस्क. मन प्रसन्न झालं."

"अरे, कामच तसं आहे."

"हो. पण चालत नाही."

"म्हणजे?"

"प्लेयर म्हणतो, डिस्कच नाही. आत डिस्क आहे, मी स्वतः घातली, आणि हा म्हणतो नाही. स्वल्प घरघरतो आणि गप्प बसतो."

मी म्हणालो, तुझा प्लेयर जुना आहे. तो म्हणाला, प्लेयर जुना असला तरी काल देवीची गाणी लागली होती. आणि मग तो जे बोलला ते मी अजून विसरलेलो नाही. तो म्हणाला, "तू डेटा डिस्क तर नाही केलीस ना रे?"

मला म्हणाला. मला! मी फोन तसाच कंप्युटरपाशी नेला, माझी प्रत चालू केली आणि नादस्वरम त्याच्या कानात वाजवला. "ऐकलास? वाजतोय ना? आता तूच सांग, दोष कुणाचा?" त्याने फोन ठेवला.

मग सुमित्राच्या भावाचा फोन. त्याचा प्लेयर चाळणीत खडे हलवल्यासारखा वाजला आणि बंद पडला. मग माझ्या मावसबहिणीचा. तिने आपल्याकडे चालली नाही म्हणून शेजाऱ्यांकडे नेली, तर आता शेजाऱ्यांच्याही प्लेयरमध्ये काहीच लागत नाही आणि शेजारी बोलत नाहीत. जिथे जिथे माझी डिस्क गेली तिथे तिथे प्लेयर आडवा. एकाने तर हळूच सुचवलं, की मृत माणसाला असं ओढून आणू नये, म्हणून होत असेल.

आता ह्याला काय म्हणावं? मी व्हिडिओ डिस्क करतो, मेनू करतो, बंद करतो, तपासतो, घरपोच देतो, आणि हे लोक माझ्यावर भुताटकीचा आळ घेतात. सुमित्रा म्हणाली, "अहो, एखादी परत आणून बघा तरी." मी म्हणालो, कशाला? माझी चालते आहे, डोळ्यांनी दिसतंय. दोष कोऱ्या डिस्कांचा. त्या दुकानदाराने जुना, बुरसलेला माल माझ्या गळ्यात मारला.

तसाच गोकुलमला गेलो आणि दुकानात उभं राहून त्या माणसाला नको नको ते बोललो. आम्ही कन्नडमध्ये भांडलो, तुम्हाला मराठीत सांगतो. तो शांतपणे म्हणाला, "सार, बिघडलेली डिस्क दाखवा."

बिघडलेली माझ्याकडे कुठे होती? सगळ्या वाटलेल्या. खिशात होती ती माझी. ती त्याने लावली. नादस्वरम वाजला, मेनूवर आमचा फोटो आला, वरात निघाली. दुकानात आलेले लोकही बघायला लागले.

"सार," तो म्हणाला, "ही तर छान चालते. ह्याच चळतीतली ना?"

दुसरा कुणी असता तर गप्प घरी गेला असता. मी उलट ताठ झालो. डिस्क चांगली, लिहिणारा चांगला, मग उरलं काय? प्लेयर. सगळ्या खानदानाने प्लेयर वर्षानुवर्षं साफ केलेले नाहीत. घरी येऊन मी एकेकाला फोन लावला आणि लेन्सची निगा कशी ठेवावी ह्यावर व्याख्यान दिलं. "लेन्स म्हणजे प्लेयरचा डोळा," मी सांगितलं. "आपण डोळे रोज धुतो अल्वा?" विठोजी म्हणाला, "कालपर्यंत ह्या डोळ्याला सगळं दिसत होतं, तुझी डिस्क घातल्यापासून आंधळा झालाय." मी म्हणालो, योगायोग.

ह्या सगळ्या धुमाळीत अक्काचा फोन आला नव्हता. मला वाटलं, निदान तिकडे तरी दाजी बोलले असतील. फोन आला तो दुसऱ्या दिवशी सकाळी. आवाज अगदी बारीक.

"गुंडू, मी दिवा लावला, समोर बसले. हे काही आले नाहीत रे."

"अक्का, तुझा प्लेयर..."

"प्लेयरला सुम्ने, उगाच बोलू नको. त्यांना रुसायची सवय होतीच. त्या दिवशी काय बोललात हे मी इतक्यांदा विचारलं, सांगायचं नसेल त्यांना. राहू दे."

हे ऐकून माझं काय झालं ते मी सांगत नाही. पण रडायच्या ऐवजी मला रागच आला, माझं तसंच आहे. मी स्क्रूड्रायव्हर उचलला, पुरावा म्हणून माझी प्रत पिशवीत टाकली आणि स्कूटरला किक मारली. सुमित्रा मागून ओरडली, "अहो, अक्कांवर ओरडू नका." मी म्हणालो, मी कशाला ओरडू? मी त्या प्लेयरवर ओरडणार आहे.

अक्का ओसरीत बसली होती. शेजारची गौरम्मा दूध घालायला आली होती, तीही चरवी घेऊन उभी राहिली. मी विणलेला रुमाल बाजूला केला, प्लेयर खाली घेतला आणि एकेक स्क्रू काढत त्याची अब्रू काढायला लागलो. झाकण उचललं आणि आत बघतो तर लालेलाल.

अहो, लेन्सवर कुंकवाचा थर. त्यावर गंधाचा वाळलेला पोपडा. सगळीकडे विभूतीची पांढरी भुकटी. आणि एका कोपऱ्यात, तुम्हाला खोटं वाटेल, एक अक्षत.

मी अक्काकडे वळलो. "अक्का, तू ह्याची आयुधपूजा केलीस?"

"केली की. वरून फूल ठेवलं."

"आणि आत कुंकू कुणी घातलं?"

"आत कसं घालणार रे मी? मला ते उघडतासुद्धा येत नाही."

"मग आपोआप आलं?" आणि मग मी सुटलो. सुमित्राने बजावलेलं सगळं विसरलो. म्हणालो, पूजा करावी, मीही करतो, पण कशाला कुठे लावावं ह्याचं काही भान ठेवाल की नाही? लेन्स म्हणजे डोळा. कुणी डोळ्यात कुंकू घालतं का? माणसाने जरा अक्कल चालवावी. मी तिकडे विठोजीशी भांडलो, दुकानदाराशी भांडलो, तुमच्यासाठी जगाशी वैर घेतलं, आणि तुम्ही इकडे यंत्रांच्या डोळ्यात कुंकू कोंबताय. गौरम्माला मराठी येत नाही, पण तिनेही घाबरून चरवी खाली ठेवली.

अक्काने सगळं ऐकून घेतलं. मग उठली, गुडघे धरत आत गेली, देव्हाऱ्यासमोर ठेवलेली डिस्क घेऊन आली आणि माझ्या हातात दिली. चकचकीत बाजू वर करून.

त्या चकचकीत बाजूवर विभूतीचे तीन पट्टे. मधोमध गंध. गंधावर कुंकू, आणि प्लेयरने गरागरा फिरवल्यामुळे त्याची चांगली गोल चकती झालेली. काठावर एक अंगठा उमटला होता. अंगठा माझा होता.

थांबा, हसू नका. आधी माझं ऐकून घ्या. डिस्कला दोन बाजू असतात. एका बाजूवर मी नाव लिहिलं. नाव कुठे लिहितात? फोटोच्या मागे लिहितात, म्हणजे ती पाठ. दुसरी बाजू आरशासारखी, तिच्यात आपलं तोंड दिसतं. मग ती तिचं तोंड नाही का? आणि कुंकू तोंडाला लावतात की पाठीला? मला तुम्ही एक माणूस दाखवा ज्याने आजवर कुणाच्या पाठीला कुंकू लावलं. वाचणारा किरण त्याच बाजूला पडतो हे मला माहीत आहे, कचेरीत मीच सगळ्यांना शिकवलं होतं. पण पूजेच्या वेळी माणूस किरणांचा विचार करतो का?

मी अक्काला म्हणालो, "तुला हे दिसलं नाही?"

"दिसलं की. मला वाटलं, कंप्युटरवाल्यांची काही पद्धत असेल."

मी तिथूनच विठोजीला फोन लावला. "तुझ्या डिस्कवर कुंकू होतं?"

"होतं की. म्हणून तर म्हणालो ना, किती मंगल दिसते. अगदी सांभाळून घातली बघ आत, एक कण सांडू दिला नाही."

बघितलंत? सगळ्यांनी पाहिलं होतं. सबंध खानदानाने पाहिलं होतं. एकालाही वाटलं नाही की विचारावं, गुंडोजी, हे चकचकीत बाजूला काय फासलंयस? सगळ्यांनी हात जोडले आणि कुंकवासकट डिस्क प्लेयरच्या घशात घातली. आणि दोषी मी एकटा. म्हणून म्हणतो, चूक माझ्या एकट्याची नव्हती.

मी फोन ठेवला आणि रागारागाने अक्काला विचारलं, "पद्धत असेल तर असेल. पण चालत नाही म्हटल्यावर साडीच्या पदराने पुसून पाहायचं नाहीस?"

अक्का मग म्हणाली, "ह्यांच्या नावाचं कुंकू एकदा पुसलं गेलं, तेवढं पुरे झालं रे. आता परत हाताने पुसू?"

अक्काने देवाच्या वातींचा कापूस आणून दिला. मी खाली मान घालून लेन्स पुसत बसलो, विभूती फुंकून काढली, अक्षत बोटाने उचलून तिच्या तळहातावर ठेवली. झाकण लावलं. ती कुंकवाची डिस्क तिने परत देव्हाऱ्यात नेली, अजूनही तिथेच आहे, कुणी पुसलेली नाही. मग पुरावा म्हणून आणलेली माझी प्रत मी ट्रेमध्ये ठेवली. ह्या वेळी कुठली बाजू वर ते गौरम्मानेही वाकून पाहिलं.

नादस्वरम वाजला. मेनू आला. अक्का टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसली. मुहूर्त, अक्षता, मंगळसूत्र, सगळं सरकलं, आणि पंगत आली. केळीच्या पानांची लांब ओळ. मुंडावळ्या बांधलेला मी, बारीक, मिशीवाला, शेजारी सुमित्रा. वाढपी पायसाची बादली घेऊन आला आणि माझ्यासमोर थबकला. तेवढ्यात मागून दाजी आले. खांद्यावर उपरणं, तोंडात विडा. अक्काने तोंडावर पदर धरला.

दाजींनी वाढप्याला हाताने थांबवलं, माझ्या पानाकडे बोट केलं आणि कॅमेऱ्याकडे वळून सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले:

"मंडळी, हे बघा. आमच्या मेव्हण्यांनी पान धुतलं, झटकलं, आणि उलटं घातलं. गुंडोजीराव, पानाला तोंड असतं आणि पाठ असते. पाठीवर पायस वाढू का?" आणि मग आत कोठीच्या दाराकडे मान वळवून, "ए, तुझ्या भावाला तोंड कुठलं आणि पाठ कुठली हे कळत नाही गं. पुढे जड जाणार आहे."

मांडव हसला. सुमित्रा हसली, नवी नवरी असून हसली. आणि इकडे अक्का हसायला लागली. तिचे डोळे वाहत होते आणि ती हसत होती. इतक्या वर्षांनी तिला कळलं, आणि इतक्या वर्षांनी मलाही आठवलं, मी हे का विसरलो होतो ते. गौरम्मा काहीही न कळता हसत होती.

"गुंडू," अक्का पदराने डोळे पुसत म्हणाली, "पुन्हा लाव. तेवढंच पुन्हा लाव."

मी रिमोट उचलला, टीव्हीकडे धरला आणि बटण दाबलं. काही झालं नाही. जोरात दाबलं. काही नाही. मी म्हणालो, "बघ, ह्यात सेल नाहीत. निदान सेल तरी बदलत जा. दर वेळी मीच..."

"गुंडू," अक्का म्हणाली, "उलटा धरलायस."